तुरीच्या कट्ट्यावरचा पार

आमच्या गावात सध्या दोन पार आहेत. एक मारुतीच्या देवळासमोर कडुनिंबाखाली, तो आजोबांच्याही आधीपासून आहे, त्याला लाईन, म्हणजे वीज, लागत नाही, पासवर्ड लागत नाही आणि आजवर तो कोणाला रिस्टार्ट करावा लागलेला नाही. दुसरा आमच्या घरी, धान्याच्या खोलीत, तुरीच्या कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, ठेवलेल्या एका सेकंडहँड कंप्युटरच्या डब्यात. हा दुसरा चालू ठेवायचं काम माझ्याकडं आहे. पगार नाही, सुट्टी नाही, आणि बंद पडला की शिव्या मात्र पुण्यापासून हैदराबादपर्यंत सगळीकडून येतात.

गाव म्हणजे दारव्ह्यावरून दिग्रसकडं निघालं की मधेच आत वळायचं. कापूस, सोयाबीन, तूर आणि घरटी एकतरी पोट्टा पुण्याला. पोळ्याला येतो म्हणतात आणि मग ट्रॅव्हल्सचं भाडं पाहून येत नाहीत. उन्हाळ्यात माझा चुलतभाऊ हिंजवडीहून आला होता, रात्री गच्चीवर खाटा टाकल्या आणि हा सुरू झाला, म्हणे भाऊ आता स्पेशियल कंप्युटिंगचा जमाना आहे, ॲपलनं 3,499 डॉलरचा चष्मा काढला, डोळ्याला लावला की समोर हवेत स्क्रीन दिसतात, खोलीत नसलेली वस्तू खोलीत ठेवल्यासारखी दिसते. बाबांनी पडल्या पडल्या डॉलरचा भाव विचारला, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तेवढ्यात जुना ट्रॅक्टर येते. अन् तो बिना चष्म्याचा दिसते."

चष्म्याचा विषय तिथं संपला. पण भावाच्या डोक्यातला किडा संपला नव्हता. तो म्हणे चष्मा नसला तरी चालते, ब्राउझरमध्ये लिंक उघडायची, मोबाईलवर पण होते, आपण आपल्या गावचा पार थ्रीडीत करू, सगळे आपापल्या जागेवरून तिथं येऊन बसतील, गप्पा मारतील. आणि हे सगळं फुकट आहे, ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला.

फुकट म्हटलं की आमच्याकडं खाटेवरून उठून बसतात. मीही बसलो.

तर ते मोझिला हब्स. मोझिलानं, म्हणजे फायरफॉक्सवाल्यांनी, 2018 मध्ये हे काढलं, चांगलं चालवलं आणि 31 मे 2024 ला आपला सर्व्हर बंद करून टाकला. कोड मात्र आधीपासूनच खुला होता, त्यामुळं हौशी लोकांनी तो उचलून धरला आणि आता ज्याला पाहिजे त्यानं आपला सर्व्हर आपण लावावा असं आहे. हे वाक्य वाचायला लई गोड आहे. आपला सर्व्हर आपण लावावा. म्हणजे लाइनमन आपण, कोतवाल आपण, तक्रार नोंदवून घेणारा बाबू आपण आणि तक्रार करणारेही आपलेच नातेवाईक.

लावायला बसलो तर पहिलीच अट कुबेरनेटिस. ही चीज गुगलनं 2014 मध्ये खुली केली, हजारो मशिनींवर हजारो प्रोग्राम पसरून चालवायचे, एखादं मेलं तर आपोआप दुसरं उभं करायचं, यासाठी. आमच्याकडं मशीन एकच. त्यासाठी के-थ्री-एस नावाची हलकी आवृत्ती मिळते ती टाकली, तर ती येतानाच ट्रेफिक नावाचा आपला द्वारपाल घेऊन आली आणि तो 80 आणि 443 या दोन्ही दरवाजांवर जाऊन बसला. हब्सचा स्वतःचा द्वारपाल वेगळा, एचए-प्रॉक्सी, त्यालाही तेच दोन दरवाजे पाहिजेत. मग ट्रेफिकला पहिल्यापासूनच येऊ नको म्हणून सांगावं लागतं, तशी सोय आहे, इन्स्टॉल करतानाच सांगायचं. आपल्याकडच्या लग्नात ही सोय असती तर किती बरं झालं असतं.

मग आत एकेक मेंबर. रेटिक्युलम हा मुख्य, कोण आला कोण गेला कुठं उभा आहे हे सगळं तो पाहतो. डायलॉग आवाज इकडून तिकडं पोचवतो. कोटर्न हा ज्यांचं नेट सरळ पोचत नाही त्यांच्यासाठी आडवाटेनं रस्ता काढतो. स्पोकमध्ये जागा बांधायची, म्हणजे भिंती झाडं पायऱ्या. एक नियरस्पार्क आहे, तो फोटो लहान करतो, एक फोटोम्नेमोनिक, तो वेबसाईटचा फोटो काढतो, आणि खाली पोस्टग्रेस बसलेला, डेटा सांभाळत. हे सगळे एकाच वेळी उभे राहिले पाहिजेत आणि ते एकाच वेळी कधीच उभे राहत नाहीत. ज्याचं बिनसलं त्याच्यापुढं क्रॅश-लूप-बॅक-ऑफ असं लिहून येतं. म्हणजे तो पडला, कुबेरनेटिसनं उठवला, तो परत पडला. मग उठवायच्या आधी ते 10 सेकंद थांबतं, मग 20, मग 40, असं करत 5 मिनिटांपर्यंत जातं, आणि आपण ती 5 मिनिटं स्क्रीनकडं पाहत बसायचं कारण चहा आणायला गेलं की तेवढ्यात तो उठतो आणि पडतोसुद्धा.

माय तूर पाखडत तिथंच बसलेली.

"काय झालं बाप्पा, एवढा काऊन उसासे टाकून राह्यला?"

"रेटिक्युलम पडलं."

"लागलं का त्याले?"

"नाई वं माय, उठते अन् पडते, उठते अन् पडते."

"मंग पडू दे न थोडं. काऊन उठवून राह्यला घडीघडी?"

खरं सांगतो, शेवटी तोच उपाय लागू पडला. सगळं बंद केलं, आधी एकटा पोस्टग्रेस नीट उभा राहू दिला, मग बाकीच्यांना हाक मारली. तेव्हापासून माय मला सर्व्हरविषयी सल्ले देते आणि मी ते ऐकतो.

आता पुढचं. सर्व्हर घरी चालू, घरातल्या मोबाईलवर दिसतो, पुण्याहून दिसत नाही. कारण आमचं फायबर नेट सीजी-नॅटच्या मागं. सोपं करून सांगायचं तर जगात जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे घरनंबर, कमी पडले, म्हणून नेट देणाऱ्या कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात आणि आतल्या आत 100.64 पासून सुरू होणारे पत्ते वाटतात. घरून बाहेर जाता येतं. बाहेरच्याला घर सापडत नाही. कस्टमर केअरला फोन केला.

"सर, नेट चालू आहे का?"

"चालू आहे. पण मला पब्लिक आयपी पाहिजे."

"सर, राउटर बंद करून चालू करून बघा."

"अहो नेट चालू आहे."

"मग सर प्रॉब्लेम काय आहे?"

"माझ्या घरी बाहेरून कोणाला येता येत नाही."

त्या पोरीनं थोडं थांबून विचारलं, "सर, टेक्निशियन पाठवू का?" तर टेक्निशियनला रस्ता सापडला, तो दुसऱ्या दिवशी आला, चहा प्याला, राउटर बंद करून चालू केला आणि रेटिंग चांगलं द्या म्हणून गेला.

शेवटी मुंबईत एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला ज्याला स्वतःचा पब्लिक पत्ता आहे, आणि तिथून आमच्या धान्याच्या खोलीपर्यंत वायरगार्ड नावाच्या सॉफ्टवेअरचा बोगदा टाकला. पाहिजे ती पोर्टं, म्हणजे मघाचे ते दरवाजे, तिकडं उघडायची आणि बोगद्यातून इकडं ढकलायची. वेबसाठी 80 आणि 443, डायलॉगला 4443, कोटर्नला 5349, आणि आवाजासाठी यूडीपी नावाच्या पद्धतीची 35000 ते 60000 अशी भलीमोठी रांग. म्हणजे आता असं झालं की आमच्या गल्लीतले आबाजी आणि त्यांच्या समोरच्या घरातले मामाजी पारावर बसून बोलायला लागले की आवाज आधी मुंबईला जातो, तिथून आमच्या तुरीवर येतो, परत मुंबईला जातो आणि मग समोरच्या घरात पोचतो. मधला रस्ता पंधरा फुटांचा आहे.

लाईनीचं तर विचारूच नका. इन्व्हर्टर होता, पण लाईन जाऊन बॅटरीवर यायला त्याला जो क्षण लागायचा तेवढ्यात कंप्युटर मरायचा. इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं एक बारीक बटण असतं हे घरात कोणाला माहीत नव्हतं कारण इन्व्हर्टर भिंतीला टेकवून ठेवलेला आणि वर लोणच्याची बरणी. ते बटण दाबलं, अदलाबदल झटकन व्हायला लागली, कंप्युटर तग धरायला लागला. पण आमच्याकडं पावसाळ्यात वीज कडाडली की माय घरभर फिरून सगळ्या पिना काढते. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, सर्व्हर. मी तिला सांगितलं की याला असं खटकन बंद करायचं नसते, आधी नीट निरोप द्यावा लागते. आता ती पीन काढायच्या आधी डब्याकडं पाहून "बंद करून राह्यली रे" असं म्हणते आणि काढते.

यात एक बारकी भानगड निघाली ती सांगतोच. सेकंडहँड डब्याच्या मदरबोर्डवर रुपयाएवढा एक गोल सेल असतो, सीआर 2032, लाईन नसताना घड्याळ चालू ठेवतो. आमच्या डब्यातला मेलेला. त्यामुळं पीन काढून परत लावली की कंप्युटर उठायचा तो कित्येक वर्षं मागच्या तारखेला. तारीख मागं असली की कुलुपाचं सर्टिफिकेट त्याला 'अजून लागूच झालेलं नाही' असं वाटतं, आणि सर्टिफिकेट नाही म्हणजे एचटीटीपीएस ही कुलूपबंद जोडणी नाही, आणि एचटीटीपीएस नसलं तर ब्राउझर माईकला हातच लावू देत नाही. आता गंमत बघा, नेट आल्यावर तो बरोबर वेळ विचारून घेतो, पण तोपर्यंत आतले सगळे मेंबर चुकीच्या सालात जागे होऊन एकमेकांची ओळखपत्रं नाकारून बसलेले असतात. वर नवीन सर्टिफिकेट मागत राहावं तर लेट्स एनक्रिप्टवाले फुकट देतात पण त्याच त्याच नावांसाठी 7 दिवसांत 5 च देतात, त्यानंतर गप बसा. आमच्या डब्यानं तो कोटा माझ्या नकळत रात्रीतून उडवला आणि पार बंद. दारव्ह्याच्या घड्याळवाल्याकडं गेलो. त्यानं काचेच्या बरणीतून सेल काढला, जिभेला लावून पाहिला, "चांगला हाये" म्हणाला. एवढा भारी टेस्टिंगचा प्रकार मी पुण्यात आयटीत असतानासुद्धा पाहिला नव्हता.

मग पार बनवणं. भावाचं म्हणणं, खऱ्या पाराचे चारी बाजूंनी मोबाईलवर भरपूर फोटो काढायचे, फोटो एकमेकांवर चढतील असे, आणि मेशरूम नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर त्यावरून थ्रीडी आकार काढतं. त्याला एन्व्हिडियाचं ग्राफिक कार्ड लागतं, ते भावाच्या लॅपटॉपला होतं. मी भर उन्हाळ्यात, सकाळी लवकर, कारण दहानंतर आमच्याकडं माणूसच वितळतो, पाराभोवती गोल गोल फिरत फोटो काढत होतो. बघणाऱ्यांना वाटलं मी नवस फेडून राह्यलो. दोन म्हाताऱ्या देवाला हात जोडून माझ्या मागं फिरायला लागल्या.

या पद्धतीत जे हलतं ते बिघडतं. दगड छान आले. ओटा छान आला, त्याच्यावरचं 'येथे थुंकू नये' सुद्धा आलं आणि त्याच्याखालचं जे असतं तेही आलं. कडुनिंबाची पानं हलत होती, त्यामुळं निंब आला तो फुलकोबीसारखा. एक बकरी मधे फिरत होती, तिची तीन तोंडं आणि धड अर्धं आलं. आबाजी मात्र पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत एकाच जागी बसून होते, जराही हलले नाहीत, त्यामुळं ते धोतराच्या चुणीसकट हुबेहूब आले. पाराचा भागच झाले. काढून टाकायला गेलो तर खालचा ओटा फुटायचा, म्हणून ठेवले. आता आबाजी जेव्हा स्वतः लिंक उघडून येतात तेव्हा स्वतःच्या शेजारी येऊन उभे राहतात.

हे सगळं मॉडेल लाखो बारीक त्रिकोण जोडून झालेलं. मोबाईलवर चालायचं तर सगळं मिळून 50,000 च्या आत पाहिजे. ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोण कमी करत गेलो तसे आधी विटांचे कोपरे गेले, मग मारुतीचा चेहरा गुळगुळीत होत चालला. तिथं मी थांबलो. शेंदूर लावलेल्या मारुतीचा चेहरा तसाही गुळगुळीतच असतो, पण कोणी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल म्हणून मारुतीला वेगळे त्रिकोण दिले आणि बकरीचे कापले.

पुढं असं की थ्रीडीत चालायला जमीन कोणती हे कंप्युटरला सांगावं लागतं. स्पोक तो नकाशा आपोआप काढतो, त्यात माणूस किती उंच पायरी चढू शकतो याची एक मर्यादा असते. आमचा पार तिच्यापेक्षा उंच. झालं असं की पहिल्या दिवशी सगळे आले आणि पाराच्या भोवती खालीच उभे, वर कोणालाच चढता येईना. मामाजींची तर सगळी उमर त्या पारावर गेलेली. ते मोबाईलवर बोट दाबून दाबून पाराला धडका देत होते. "मले माह्याच पारावर चढू देऊन नाई राह्यला तुमचा कंप्युटर!" दुरुस्ती करेपर्यंत पुण्याच्या एका भाच्यानं लॅपटॉपवर 'जी' हे अक्षर दाबलं की उडता येतं हे शोधून काढलं आणि तो सरळ फुलकोबीच्या शेंड्यावर जाऊन बसला. मामाजींनी त्याला खाली उतर म्हणून जो दम दिला तो मात्र कोणाला ऐकू गेला नाही, कारण आवाजच नव्हता.

हो, पहिल्या सभेला आवाज नव्हता. डायलॉग बाहेरच्यांना आपला पत्ता घरातला सांगत होता, मुंबईचा सांगायला पाहिजे होता, त्यामुळं चित्र पोचायचं, माणसं हलायची, आवाज वाटेत मरायचा. हब्समध्ये आपल्याला रोबोसारखा बाहुला मिळतो आणि आपण बोललो की त्याचं डोकं आवाजाबरोबर फुगतं. सगळ्यांची डोकी फुगत होती, आक्रसत होती, आणि चिडीचूप. आमच्या पाराच्या इतिहासातली ही एकमेव सभा जिच्यात कोणी कोणाला बोललं नाही. मोठीमाय माझ्या मागं उभी राहून हे पाहत होती. तिची शंका वेगळीच.

"यायचे पाय कुठी हायेत?"

हब्सच्या बाहुल्यांना पाय नसतातच. डोकं, धड, कधी हात, आणि खाली हवा.

"नसते पाय. तसंच असते ते."

"भुताचे पाय उलटे असते असं आयकलं व्हतं बाप्पा. तुह्याले तं पायच नाई."

ती दिवा लावायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी सर्व्हरच्या डब्यावर अंगारा होता. हवा जायच्या जाळीवर नव्हता, बाजूला होता, म्हणून मी तसाच ठेवला.

पत्ता दुरुस्त झाल्यावर आवाज आला आणि मग खरा खेळ सुरू झाला. यातली खरी कमाल आवाजात आहे. जो डावीकडं उभा त्याचा आवाज डाव्या कानात, जो लांब त्याचा बारीक, तुमचा ब्राउझर प्रत्येकाची दिशा आणि अंतर पाहून हे करतो. भावानं पुण्याहून हेडफोन लावलेला. गप्पा चालू, आणि तो मधेच म्हणाला, "कोणीतरी खर्रा घोटून राह्यलं."

खर्रा माहीत नसेल त्यांच्यासाठी, सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून तळहातावर नाहीतर मांडीवर रगडतात, आणि पन्नीचा तो चर्र चर्र आवाज विदर्भात कुठंही झोपेतून ओळखू येतो. भाऊ म्हणाला डावीकडून येते. मग बाहुला वळवला, म्हणाला आता समोरून येते. पुढं सरकला, आवाज वाढला. आणि जाऊन थांबला तो मामाजींच्या बाहुल्यासमोर. मामाजींचा फोन खिशात, माईक चालू, आणि हैदराबादहून त्यांचा पोरगा लाईनवर, ज्याला मामाजींनी मागच्या दिवाळीलाच सांगितलेलं की खर्रा सोडला.

"बाबा?" पोरगा म्हणाला.

चर्र चर्र थांबलं. मामाजींचा बाहुला हळूहळू मागं सरकायला लागला, मारुतीच्या देवळाच्या मागं गेला, आणि तिथून बारीक आवाज आला, "नेट जाऊन राह्यलं बाप्पा माह्यं."

ज्याला कोणाला स्पेशियल ऑडिओ म्हणजे काय हे समजावून सांगायचं असेल त्यानं मामाजींचं उदाहरण द्यावं, मी तरी तेच देतो. तेव्हापासून मामाजी आत आल्या आल्या आधी माईक बंद करतात आणि म्हणून त्यांचं कोणालाच ऐकू येत नाही आणि म्हणून ते खऱ्या पारावरून ओरडून सांगतात.

तान्ह्या पोळ्याला मोठा कार्यक्रम ठरवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं लेकरं लाकडाचे बैल सजवून आणतात, घरोघरी फिरतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात. तर पुण्यामुंबईच्या लेकरांनी आपापले थ्रीडी बैल घेऊन पारावर यायचं, मामाजी झडती, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणार, सरपंचबाई बक्षीस देणार. गावातले लोक उत्साहानं खऱ्या पारावर जमले, सगळे आपापले मोबाईल घेऊन, आणि लिंक उघडली. एका जागी सगळ्यांचे माईक आणि सगळ्यांचे स्पीकर चालू म्हटल्यावर याचा आवाज त्याच्यात, त्याचा याच्यात, अशी जी हूंऽऽऽ करून किंकाळी उठली की देवळावरची कबुतरं उडाली. मोबाईल स्वतःच्या स्पीकरचा आवाज गाळतो, शेजाऱ्याच्या मोबाईलचा गाळत नाही. मग मी प्रत्येकाला हात जोडून सांगितलं की बाप्पा एकत्र यायचं असेल तर आपापल्या घरी जा.

गेले. आपापल्या घरून परत आले, म्हणजे पारावर. मामाजींनी माईक चालू केला, खर्रा लांब ठेवल्याचं पोराला सांगितलं आणि झडती सुरू केली. एक नमन गौरा पारबती, हर बोला... यावर सगळ्यांनी एका दमात हर हर महादेव म्हणायचं असतं. आमच्या गल्लीतून लगेच आलं, नागपुरातून जरा मागून, पुण्यातून त्याच्या मागून, आणि मामाजींनी पुढची ओळ घेतली तेव्हा हैदराबादचा महादेव पोचला. मामाजी थांबले. परत सुरू केलं. परत तेच. पण खरं सांगू, ते वाईट नव्हतं वाटत. लांबवरच्या चार गावांत एकाच वेळी पोळा फुटल्यासारखं वाटत होतं.

बैल छान छान होते. एकाला एलईडीचे डोळे, एकाच्या पाठीवर आईबाबांचा फोटो. हब्समध्ये वस्तू पकडली की तिला लहान मोठं करायची सोय आहे, आणि एका पाच-सहा वर्षाच्या पोरीनं ते हँडल पकडलं आणि ओढत राहिली. बैल ओट्याएवढा झाला. मग देवळाएवढा. मग निंबाच्या वर शिंगं गेली. आणि गंमत अशी की या मॉडेलांचा पृष्ठभाग बहुतेक फक्त बाहेरून रंगवलेला असतो, आतून पाहिलं तर आरपार दिसतं, काहीच नाही. त्यामुळं पारावर जमलेले जवळपास सगळे त्या बैलाच्या पोटात गेले आणि त्यांना पत्ताच नाही. त्यांचा कार्यक्रम आत मजेत चालू. बाहेर राहिलेल्या तिघाचौघांना मात्र नुसता बैल दिसतोय आणि बैलाच्या पोटातून सरपंचबाईंचं भाषण ऐकू येतंय, की आपल्या गावानं डिजिटल क्षेत्रात मोठी झेप घेतली आहे.

"भाऊ, कार्यक्रम कुठी चालू हाये?" असे फोन मला यायला लागले.

"बैलाच्या आत या," मी म्हटलं, आणखी काय सांगणार. आले. बक्षीस त्या पोरीलाच गेलं. मोठा बैल म्हणून.

आता मागण्या वाढल्या आहेत. मूर्तिजापूर-यवतमाळ अडीच फुटी रुळाची आमची शकुंतला कित्येक वर्षांपासून बंद आहे, ती तरी तुमच्या कंप्युटरमध्ये चालू करा म्हणून आबाजी मागं लागलेत, म्हणजे पारावरून दारव्हा स्टेशन आणि परत. ते जमेल एखादवेळी. पण मामाजींनी परवा जाहीर करून टाकलं की यंदा इथं शंकरपट भरवायचा, बैलांची शर्यत, तारीखही सांगितली. मी त्यांना बसवून समजावलं की यात ज्याची वस्तू त्याचाच ब्राउझर ती हलवतो, बाकीच्यांना ती थोडी उशिरा दिसते, त्यामुळं शर्यत लावली तर प्रत्येकाला आपापल्या मोबाईलवर आपलाच बैल पुढं दिसणार, दुसऱ्याचा मागं, आणि शेवटी सगळेच म्हणणार मी जिंकलो, मग भांडणं होतील.

मामाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मंग खऱ्या पटात काय वेगळं असते?" म्हणाले, आणि बक्षिसाची वर्गणी गोळा करायला उठले.